गागोद्याचे विनोबा : पूजा, देवळाचे दार आणि धम्मपद

पेण हे नाव उच्चारताच महाराष्ट्राला गणेशमूर्ती आठवतात. भाद्रपदाच्या कित्येक महिने आधीपासून पेण शहरातील आणि हमरापूर, जोहे या गावांतील कारखान्यांत मूर्तींची रांग लागते. येथील मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, तशाच त्या परदेशीही जातात. त्याच पेण तालुक्यात, डोंगरांच्या कुशीत वसलेल्या गागोदे बुद्रुक या खेड्यात, ११ सप्टेंबर १८९५ रोजी एका मुलाचा जन्म झाला. त्याचे नावही गणपतीचेच ठेवले गेले. हा विनायक नरहर भावे पुढे विनोबा या नावाने जगाला ठाऊक झाला.

विनोबांचे नाव भूदानाशी जोडले गेले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या आयुष्याला दुसरीही एक बाजू आहे. धर्माचे विधी, पूजा, व्रते आणि उत्सव माणसाला कोठे मोठे करतात आणि कोठे लहान करतात, याचा शोध त्यांनी जन्मभर घेतला. आपल्या समाजाला हा प्रश्न परका नाही. १९५६ नंतर ज्या घरांनी गौरी-गणपती बसविणे सोडले आणि बुद्धवंदना स्वीकारली, त्या घरांतील मुलेही याच पेण-रोह्याच्या मातीत वाढली. शेजारच्या अंगणात गणपती, रोह्याच्या रस्त्यावर धावीर महाराजांची पालखी आणि आपल्या घरी वैशाख पौर्णिमेची खीर, असे सहजीवन त्यांनी अनुभवले. म्हणून या मातीतल्या एका ब्राह्मण घराण्यातील मुलाने हाच प्रश्न कसा सोडविला, हे आपण जाणून घेणे उचित ठरेल. त्याची काही उत्तरे आपल्याला जवळची वाटतील, तर काहींशी आपण सहमत होणार नाही. दोन्हींचा परिचय असावा, या हेतूने हे चरित्र येथे थोडक्यात सांगितले आहे.

गागोद्याचे घर

विनायकाचे वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यामुळे बालपणाची पहिली वर्षे त्याने आजोबा शंभुराव, आजी आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गागोद्यालाच घालविली. आजोबा अत्यंत कर्मठ आणि तितकेच कोमल मनाचे होते. त्यांची पूजा तासन्‌तास चाले. एकदा पूजेच्या वेळी देवाच्या मूर्तीवर विंचू चढला. घरातली माणसे त्याला मारायला धावली, तेव्हा आजोबांनी सर्वांना अडविले. विंचू देवाच्या आश्रयाला आला आहे आणि आश्रितावर हात उगारायचा नसतो, अशी त्यांची भूमिका होती. पूजा शांतपणे पुरी झाली आणि विंचू आपल्या वाटेने निघून गेला. विधी काटेकोर पाळणाऱ्या माणसाच्या मनात जीवदयेला केवढे स्थान असू शकते, याचा पहिला धडा विनायकाला येथे मिळाला.

आजोबा चांद्रायण व्रतही करीत. या व्रतात चंद्राच्या कलेप्रमाणे घास वाढवीत न्यायचे आणि पुढे तसेच कमी करीत आणायचे असतात. चंद्र उगवल्याखेरीज आजोबा जेवत नसत आणि चंद्रोदयाची वेळ रोज बदलत असे. कधी तो मध्यरात्री उगवे. तेव्हा झोपलेल्या नातवाला उठवून त्याच्या हातावर प्रसाद ठेवला जाई. अर्धवट झोपेत खाल्लेल्या त्या प्रसादाची आठवण विनोबांना म्हातारपणापर्यंत राहिली. आपल्या मनात जे काही पावित्र्य आहे त्याचे मूळ आजोबांकडे आहे, असे ते मानीत.

गणेशोत्सवात या घरी बाजारातून मूर्ती येत नसे. आजोबा मुलांकडून चंदन उगाळून घेत आणि त्या उगाळलेल्या चंदनाची मूर्ती स्वतः घडवीत. तिची प्रतिष्ठापना होई, काही दिवस मनोभावे पूजा होई आणि मग ती पाण्यात विसर्जित केली जाई. ज्या मूर्तीसाठी आपले हात दुखेपर्यंत चंदन उगाळले, ती शेवटी पाण्यात सोडायची, हे लहान मुलाला सहज पटणारे नव्हते. पण आवाहनाबरोबर विसर्जन आलेच, रूप घडविता आले पाहिजे आणि वेळ येताच ते सोडताही आले पाहिजे, हा त्या उत्सवाचा अर्थ त्याला हळूहळू उमगला.

बुद्धवंदनेत आपण फूल वाहतो, तेव्हा हे फूल कोमेजणार आहे आणि आपला देहही तसाच जाणार आहे, याचे स्मरण करतो. चंदनाच्या गणपतीचे विसर्जन आणि बुद्धासमोरची पुष्पपूजा यांच्या परंपरा वेगळ्या आहेत आणि त्यांमागील श्रद्धाही वेगळ्या आहेत. अनित्यतेचा धडा मात्र दोहोंत सारखाच आहे. पुढे विनोबा बुद्धाच्या विचारांकडे ज्या सहजतेने वळले, तिचे एक बीज या घरातच पडले असावे.

आईची शिकवण

विनोबांच्या जडणघडणीत सर्वांत मोठा वाटा आईचा होता. गागोद्याच्या घरी फणसाचे झाड होते. फणस पिकला की त्याचे गरे प्रथम शेजाऱ्यांच्या घरी पोहोचवायचे आणि उरलेले आपण खायचे, असा आईचा दंडक होता. तुळशीला पाणी घातल्याशिवाय मुलांना जेवण मिळत नसे. देणे आधी आणि घेणे नंतर, हा धर्म तिने उपदेश न करता मुलांच्या अंगवळणी पाडला.

एकदा तिने देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले. रोज ती एकेक दाणा मोजून देवापुढे ठेवी. वडील शास्त्रीय वृत्तीचे होते. थोडे तांदूळ तोलून त्यातले दाणे मोजावेत आणि त्या हिशेबाने एक लाखाचे वजन काढून, वर थोडे जास्त घालून वाहावेत, असे त्यांनी सुचविले. आईला याचे उत्तर सुचेना, म्हणून तिने विनायकाला विचारले. ते दाणे म्हणजे केवळ हिशेब नव्हे, प्रत्येक दाण्याबरोबर देवाचे एकदा स्मरण घडते आणि वजन केल्याने ते स्मरण घडणार नाही, असे मुलाने सांगितले. आईला समाधान वाटले. विधीचा प्राण वस्तूत नसून ती वाहताना जागे असलेल्या मनात आहे, ही विनोबांची जन्मभराची धारणा त्या उत्तरात दिसते.

आईला संस्कृत येत नव्हते. गीतेवरील प्रवचन तिला समजेना, म्हणून तिने मराठी भाषांतर मागितले. विनायकाने आणून दिलेले पद्य भाषांतर तिला मूळ संस्कृताइतकेच कठीण वाटले. तेव्हा त्यानेच सोप्या मराठीत गीता करावी, अशी इच्छा तिने बोलून दाखविली. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये विनोबांनी त्या कामास आरंभ केला आणि १९३१ च्या फेब्रुवारीत ते पुरे केले. ती ‘गीताई’ होय. ती पाहण्यास आई मात्र उरली नव्हती. भगवान बुद्धांनी आपला धम्म पंडितांच्या भाषेत न अडकविता लोकांच्या बोलीतून सांगण्याची मुभा भिक्खूंना दिली होती. न कळणाऱ्या मंत्रापुढे हात जोडून बसलेल्या स्त्रीला तिच्या भाषेत धर्म मिळाला पाहिजे, ही विनोबांची तळमळ त्याच जातीची होती.

१९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला निघालेला हा तरुण वाटेत सुरतेस उतरला आणि काशीला गेला. त्याआधीच त्याने आपली प्रमाणपत्रे आईच्या चुलीत जाळून टाकली होती. काशीत असताना गांधीजींचे विचार त्याच्या वाचनात आले, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात त्यांची पहिली भेट झाली. विनोबा हे नाव त्यांना आश्रमातच मिळाले. त्यांचे धाकटे बंधू बाळकोबाही आश्रमात आले. ब्राह्मण घरातील या मुलाने आश्रमातील मैला उचलण्याचे काम आपणहून पत्करले, तेव्हा कित्येकांना धक्का बसला. विनोबांनी त्याची पाठराखण केली.

२४ ऑक्टोबर १९१८ रोजी इन्फ्लुएंझाच्या साथीत आईचे निधन झाले. तेव्हा एक कसोटीचा प्रसंग उभा राहिला. आईचे अंत्यविधी ब्राह्मण पुरोहिताकडून न करविता आपण स्वतः करू, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांना तो मान्य झाला नाही. तेव्हा विनोबा स्मशानात गेलेच नाहीत. ज्या आईवर त्यांचे सर्वाधिक प्रेम होते तिच्या अंत्ययात्रेत ते नव्हते. ते घरीच राहिले, त्यांनी स्नान केले आणि गीता-उपनिषदांचे वाचन केले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. पुढे १९४७ मध्ये वडील वारले, तेव्हाही त्यांच्या अस्थी रूढीप्रमाणे नदीत न सोडता जमिनीत ठेवल्या गेल्या आणि वर तुळस लावण्यात आली. भाडोत्री पुरोहिताच्या मध्यस्थीवाचून माणसाला निरोप देता येतो, ही गोष्ट आज आपल्या घरांत नित्याची झाली आहे. १९१८ साली ब्राह्मण कुटुंबातील मुलाने ती करू पाहणे किती कठीण होते, याची कल्पना आज येणे अवघड आहे.

बंद दारांचा काळ

८ एप्रिल १९२१ रोजी विनोबा वर्ध्यास आले आणि तेथील आश्रमाची जबाबदारी त्यांनी स्वीकारली. याच दशकात महाराष्ट्रात धर्मविधींचे खरे रूप उघडे पडत होते. आपल्याच जिल्ह्यातील महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर तेथील सवर्णांनी शेण-गोमूत्र मिसळून, मंत्र म्हणून ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. एका माणसाच्या स्पर्शाने पाणी विटाळते आणि जनावराच्या शेणाने ते शुद्ध होते, असे सांगणारा तो विधी होता. त्याला उत्तर म्हणून २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडलाच मनुस्मृतीचे दहन झाले. २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पाच वर्षे चालूनही ते दार उघडले नाही.

वर्ध्यात जमनालाल बजाज यांनी आपल्या कुटुंबाचे लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले केले. या कामी विनोबा त्यांच्याबरोबर होते. त्याआधी त्रावणकोरातील वायकोमच्या सत्याग्रहाच्या वेळी गांधीजींनी त्यांना तेथे पाठविले होते. परंतु दार उघडणे एवढ्यावर विनोबांचे समाधान झाले नाही. १९४६ पासून ते पवनारजवळच्या सुरगाव या खेड्यात रोज चालत जात आणि हातात फावडे घेऊन गावातील मैला साफ करीत. ऊन असो वा पाऊस, सूर्य जसा नेमाने येतो तसे हे काम व्हावे, असा त्यांचा नियम होता. त्यांच्या दृष्टीने ती रोजची पूजाच होती. ज्या कामामुळे एका समाजाला पिढ्यान्‌पिढ्या अपवित्र ठरविले गेले, तेच काम त्यांनी उपासनेच्या जागी ठेवले. त्या समाजाला मात्र हे काम निवडीने मिळाले नव्हते. जन्माने लादलेले काम आणि स्वेच्छेने पत्करलेले काम यांतील हे अंतर आपण विसरू नये.

देवघर ते पंढरपूर

१८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे चाळीस दलित कुटुंबांनी विनोबांकडे ऐंशी एकर जमीन मागितली. गावातील रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर देण्याची तयारी दर्शविली आणि भूदानाचा आरंभ झाला. पुढील तेरा वर्षे विनोबा पायी भारतभर हिंडले. लक्षावधी एकर जमीन दानात मिळाली. तिच्यातील बरीच जमीन निकृष्ट निघाली, बरीच प्रत्यक्षात वाटलीच गेली नाही, हेही सत्य आहे. या पदयात्रेत त्यांच्यासमोर देवळांची दारे पुन्हा पुन्हा आली आणि प्रत्येक ठिकाणी त्यांच्या धर्मबुद्धीची परीक्षा झाली.

१९ सप्टेंबर १९५३ रोजी ते बिहारमधील देवघर येथे होते. वैद्यनाथाच्या दर्शनाला ते एकटे जाणार नव्हते. अस्पृश्य मानलेले सोबती बरोबर येणार असतील तरच जायचे, असे त्यांनी ठरविले होते. दाराशी पोहोचताच पंड्यांनी त्या समूहावर हल्ला केला. सोबत्यांनी विनोबांभोवती कडे केले आणि बरेचसे फटके आपल्या अंगावर घेतले. तरी विनोबांच्या कानावर आघात झाला आणि त्या कानाने त्यांना पुढे नीट ऐकू येईनासे झाले. हल्लेखोरांना शिक्षा होऊ नये, अशी त्यांनी इच्छा व्यक्त केली. लवकरच ते मंदिर सर्वांना खुले झाले.

१९५५ मध्ये ते ओरिसात जगन्नाथपुरीला गेले. त्यांच्याबरोबर एक फ्रेंच महिला होती. तिला आत सोडता येणार नाही, असे पुजाऱ्यांनी सांगताच विनोबा दारातूनच परतले. १९५७ मध्ये केरळात गुरुवायूर येथेही असेच घडले. तेथे त्यांचे काही सोबती ख्रिस्ती होते. त्यांना प्रवेश नाही असे कळल्यावर विनोबांनीही देवाचे दर्शन घेतले नाही. लहानपणी चंदन उगाळून देव घडविणारा, देवाच्या नावाने डोळ्यांत पाणी येणारा हा माणूस तीर्थाच्या उंबरठ्यावर येऊन मागे फिरला. सोबतच्या माणसाला वगळून मिळणारे दर्शन त्याला नको होते.

मे १९५८ मध्ये ते पंढरपूरला आले. विठ्ठलाच्या महाद्वारापाशी संत चोखामेळ्याची समाधी आहे. ज्या विठ्ठलावर चोखोबांनी अभंग रचले, त्याच्या गाभाऱ्यात त्यांना जन्मभर पाऊल ठेवू दिले गेले नाही. तेच मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात उपोषण केले आणि मंदिर खुले झाले. अकरा वर्षांनी मंदिराच्या सेवेकऱ्यांनी विनोबांना सर्व सोबत्यांसह येण्याचे निमंत्रण दिले. मुसलमान आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांना बरोबर घेऊन ते विठ्ठलाच्या पायांशी पोहोचले, तेव्हा त्यांना अश्रू आवरले नाहीत. देवघरला मार खाल्लेल्या, पुरी आणि गुरुवायूरहून परत फिरलेल्या माणसाला आपल्याच भाषेच्या देवाने आत घेतले, याचे ते अश्रू असावेत.

बोधगया आणि धम्मपद

भूदानाची यात्रा बिहारमध्ये असताना विनोबांचे मन बुद्धाकडे अधिकाधिक ओढले गेले. ज्या भूमीत तथागत करुणेचा संदेश घेऊन पायी हिंडले, त्याच भूमीत आपण भूमिहीनांसाठी हिंडत आहोत, ही जाणीव त्यांना होती. एप्रिल १९५४ मध्ये बोधगयेला सर्वोदय संमेलन भरले. त्याच वेळी तेथे समन्वय आश्रमाची स्थापना झाली. वेदान्त आणि बौद्ध विचार यांचा मेळ घालणे, हा या आश्रमाचा उद्देश होता. त्यासाठी जागा तेथील शंकर मठाने दिली. आश्रमाची विहीर खणताना जमिनीतून बुद्धाची मूर्ती निघाली आणि विनोबांनी ती शुभसूचना मानली.

ही घटना वाचताना आपल्या मनात दुसरा विचारही येतो. महाबोधी महाविहार दीर्घकाळ याच शैव मठाच्या महंतांच्या ताब्यात होता. १९४९ च्या कायद्याने तो एका समितीकडे गेला. त्या समितीत हिंदू व बौद्ध सदस्य समसमान ठेवले आणि अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्याकडे दिले. पुढे आजतागायत बौद्धांनी महाविहाराच्या पूर्ण व्यवस्थापनाची मागणी चालू ठेवली आहे. समन्वयाचा हेतू कितीही निर्मळ असला, तरी ज्याच्या हातून जागा गेली आणि ज्याच्या हातात ती होती, या दोघांना समन्वय हा शब्द सारखा ऐकू येत नाही. विनोबांच्या हेतूविषयी शंका न घेताही हे म्हणता येते.

विनोबांचा बुद्धविचारांचा अभ्यास मात्र वरवरचा नव्हता. गांधीजींच्या वर्ध्यातील आश्रमजीवनात जपानी भिक्खू निचिदात्सु फुजी आणि त्यांचे शिष्य आले होते. त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेचा भाग झाला होता. गोव्यात जन्मलेले पाली पंडित धर्मानंद कोसंबी यांनी ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामातच अन्नत्याग करून देह ठेवला. अशा वातावरणात वावरलेल्या विनोबांनी मूळ पालीतून धम्मपदाचे मनन केले. धम्मपदात सव्वीस वग्गांत मिळून ४२३ गाथा आहेत. त्यांतील एकही गाथा न बदलता, विषयाच्या ओघाप्रमाणे त्यांची नवी मांडणी विनोबांनी केली. ती ‘धम्मपद नवसंहिता’ या नावाने प्रसिद्ध आहे. मन, वैर, आळस, तृष्णा, भिक्खू आणि खरा ब्राह्मण यांविषयीच्या गाथा वाचकाच्या मनात क्रमाने उतराव्यात, अशी त्यांची दृष्टी होती. जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, आचरणाने होतो, हे सांगणाऱ्या धम्मपदातील प्रकरणाचे मनन एका चित्पावन ब्राह्मणाने इतक्या निष्ठेने करावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

दोन वाटा

विनोबांच्या विचारांत एक मुद्दा असा आहे की जेथे आपली वाट त्यांच्या वाटेपासून वेगळी होते. हिंदू पूजेच्या आरंभी जो संकल्प म्हणतात, त्यात चालू काळाचा उल्लेख बुद्धावताराचा काळ असा असतो. विनोबांना या उल्लेखाचे फार महत्त्व वाटे. आपण सारे बुद्धाच्या युगात जगत आहोत, असा त्याचा अर्थ ते लावीत आणि हिंदू समाजाने बुद्धाला आपलेच मानावे, असे सांगत.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत याच्या नेमकी उलट भूमिका आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हे त्या प्रतिज्ञा स्पष्टपणे नाकारतात. श्राद्ध-पिंडदान करणार नाही, ब्राह्मणाकडून क्रियाकर्म करविणार नाही, असेही त्यांत आहे. आईच्या निधनाच्या वेळी विनोबांनी पुरोहिताला नकार दिला, तेव्हा ते यातील एका गोष्टीच्या अगदी जवळ आले होते. पण ते त्या घरातच राहून घर स्वच्छ करू पाहत होते. बाबासाहेबांना आणि त्यांच्या लोकांना त्या घराने कधी घरात घेतलेच नव्हते. काळारामाच्या दारात पाच वर्षे उभे राहून झाल्यावर, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. पुरीच्या दारातून परत फिरणाऱ्या विनोबांना दुसऱ्या शंभर देवळांची दारे उघडी होती. ज्याला एकही दार उघडे नाही, त्याला परत फिरण्याचाही पर्याय नसतो. त्याला नवे घरच बांधावे लागते. हा फरक समजून घेतला म्हणजे दोघांपैकी कोणाचाही अनादर करण्याची गरज उरत नाही.

पवनारची अखेर

पवनार येथे धाम नदीच्या तीरावर विनोबांनी २५ मार्च १९५९ रोजी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. हा आश्रम त्यांनी स्त्रियांच्या हाती सोपविला. जेथे शतकानुशतके स्त्रियांना वेदाभ्यासाचा आणि संन्यासाचा अधिकार नाकारला गेला होता, तेथे स्त्रियांनीच प्रार्थना, अध्ययन आणि शेतीकाम यांची व्यवस्था पाहावी, असा हा प्रयोग होता. कुराण, बायबल, जपुजी आणि जैन आगम यांचे सार काढण्याचे व काढवून घेण्याचे कामही त्यांनी वर्षानुवर्षे केले. आश्रमाच्या सर्वधर्मप्रार्थनेत निरनिराळ्या धर्मांतील ईश्वराची नावे एका माळेत गुंफली गेली.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये प्रकृती ढासळली, तेव्हा त्यांनी अन्न, पाणी आणि औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर १९८२ रोजी, दिवाळीच्या दिवशी, त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या नावे १९८३ मध्ये भारतरत्न हा सन्मान मरणोत्तर देण्यात आला. लहानपणी आवाहन आणि विसर्जन यांचा अर्थ शिकलेल्या विनायकाने आपल्या देहाचे विसर्जनही जागेपणी केले, असे त्यांच्या निकटवर्तीयांना वाटले.

विनोबांचे राजकीय निर्णय, त्यांचे गोवधबंदीचे उपोषण, भूदानाची फलश्रुती यांविषयी मतभेद झाले आणि पुढेही होत राहतील. पण एक कसोटी त्यांनी आयुष्यभर स्वतःला लावली आणि ती कोणत्याही धर्माच्या माणसाला लागू पडते. कोणताही विधी करताना त्याचा अर्थ आपल्याला कळतो का, तो करताना मन जागे असते का, आणि त्यापायी कोणी माणूस दाराबाहेर उभा राहतो का, हे तीन प्रश्न त्यांनी आजोबांच्या पूजेला विचारले, आईच्या अंत्यविधीला विचारले आणि पुरी-पंढरपूरच्या देवळांनाही विचारले.

हे प्रश्न आपल्या वंदनेलाही विचारावेत. त्रिशरण आणि पंचशील मुखोद्गत असणे चांगलेच. पण पालीतील प्रत्येक शीलाचा मराठी अर्थ आपल्या मुलांना सांगता येतो का, हे पालकांनी पाहावे. धम्मचक्र प्रवर्तन दिनी पांढरी वस्त्रे नेसून निघताना शेजारच्या कोणाला आपण वगळले तर नाही ना, हे माजी विद्यार्थ्यांनी पाहावे. आणि पेणहून फार दूर नसलेले ते गागोदे गाव एकदा मुलांना अवश्य दाखवावे. तेथील डोंगर पाहताना त्यांना इतके जरी कळले की या मातीत जन्मलेल्या एका मुलाला मध्यरात्री उठवून आजोबांनी प्रसाद दिला आणि मोठा झाल्यावर तोच मुलगा धम्मपदाच्या गाथा हाताशी घेऊन बसला, तरी त्या सहलीचे सार्थक होईल.